वाय-फायच्या आधी रात्रीच्या नोटिसा बंद करा

ताई, नमस्कार.

मी कोल्हापूरजवळच्या एका तंत्रशास्त्र विद्यापीठात इलेक्ट्रिकलला शिकवतो. जूनपासून मुलांच्या वसतिगृहाचं रेक्टरपदही माझ्याकडं आलंय. ३४० मुलं आहेत. रात्री दोनला राउंड मारला तरी निम्म्या खोल्यांत मोबाईलचा उजेड असतो. सकाळच्या पहिल्या तासाला अर्धा वर्ग रिकामा, आणि आलेले पेंगत असतात. मेसमध्ये एका टेबलावर आठजण जेवतात, आठांच्याही माना खाली. त्यात आता दुसऱ्या वर्षाच्या एका मुलानं फीचे ३८ हजार रुपये मोबाईलवरच्या पैशांच्या खेळात घालवलेत. मला हे त्याच्या रूम पार्टनरकडून कळलं, घरी अजून माहीत नाही. वडिलांची चंदगडकडं थोडी शेती आहे.

विद्यार्थ्यांच्या डिजिटल सवयी सुधारायला विद्यापीठानं काय करावं, यावर कुलगुरूंनी महिन्याभरात प्रस्ताव मागितलाय. समितीत बहुतेकांचं म्हणणं असं की रात्री अकराला वाय-फाय बंद करा आणि वर्गाच्या दारात मोबाईल जमा करून घ्या. मला ते पटत नाही, आणि दुसरं काही सुचत नाही. माझी मुलगी नववीत आहे. घरी रोज याच विषयावर वाद होतो. मग लोकांच्या मुलांना सांगायचा मला अधिकार तरी आहे का?

— एक रेक्टर, कोल्हापूर

रेक्टर सर,

प्रस्तावाला महिना आहे. त्या मुलाला नाही. म्हणून आधी त्याचं बोलू.

उद्याच त्याला भेटा. ऑफिसात बोलावू नका, शिपायाकरवी निरोप धाडू नका. जेवण झाल्यावर 'चल रे, जरा फिरून येऊ' म्हणत गेटबाहेर न्या. चालताना एकमेकांच्या तोंडाकडं बघावं लागत नाही, आणि लाजेची गोष्ट तशीच बोलता येते. 'मला कळलंय, मी रागावलेलो नाही, आपण मिळून निस्तरू' एवढं पहिल्या दोन मिनिटांत त्याच्या कानावर पडू द्या. मग आकडा विचारा. तुम्हाला कळलेला आकडा ३८ हजार आहे, पण मुलं पहिल्यांदा बहुधा निम्मंच सांगतात, असा माझा अनुभव आहे. मित्रांकडून किती घेतले, कर्ज देणाऱ्या एखाद्या ॲपवरून पैसे उचललेत का, कुणी फोन करून धमकावतंय का, हे एकेक करून विचारा.

आणि आणखी एक प्रश्न, जो विचारताना आपलीच जीभ जड होते: 'जीव द्यावा असं मनात येतं का?' याच शब्दांत विचारा. विचारल्यामुळं तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी आहे. मनात काही असेल तर त्याला ते कुणाला तरी सांगता येईल, एवढंच होतं. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी स्वतः बरोबर जाऊन सीपीआर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा. अडीअडचणीला, अगदी मध्यरात्रीसुद्धा, १४४१६ हा टेली मानसचा क्रमांक आहे. ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत, आणि मराठीतून बोलता येतं. हा क्रमांक वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर, पाण्याच्या फिल्टरशेजारी मोठ्या अक्षरांत लावा. तिथं सगळेच जातात, त्यामुळं तो कुणी पाहिला हे कुणाला कळत नाही.

त्याला पोलिसांचीही भीती असणार. संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आणली. पण त्यातली शिक्षा खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशांची देवाणघेवाण करून देणाऱ्याला आहे. खेळणाऱ्याला नाही. हे त्याला स्पष्ट सांगा, कारण गुन्हेगार ठरू या भीतीनं मुलं तोंड उघडत नाहीत आणि तोपर्यंत दुसरं कर्ज होतं. फसवणूक किंवा धमकीचा प्रकार असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवायला लावा. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे मध्येच अडवले जाण्याची शक्यता जास्त.

वडिलांना त्यानं स्वतः सांगायचं आणि तुम्ही शेजारी बसायचं. फोनवर नको. त्यांना एक दिवस बोलावून घ्या, आणि ते एसटीतून उतरायच्या आधी फी हप्त्यानं भरता येईल का हे अकाउंट्सला विचारून ठेवा. बापाला वाईट बातमीबरोबर पुढचा रस्ताही त्याच बैठकीत दिसला पाहिजे. मुलाचा फोन काढून घेऊ नका. काही महिने त्याच्या खात्यावर रोजच्या खर्चापुरतेच पैसे राहतील अशी व्यवस्था बापलेकांनी मिळून करावी, तेवढं पुरे. आणि त्या रूम पार्टनरला जवळ घेऊन सांगा की त्यानं चुगली केलेली नाही. त्याच्या मनात ते सलत असेल.

आता बाकीची ३३९ मुलं. ती आजारी नाहीत, हे समितीला पहिल्यांदा पटवून द्या. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये खेळाच्या व्यसनाला आजारांच्या यादीत जागा दिली आणि ती यादी २०२२ पासून लागू झाली. त्यात अट कडक आहे. खेळण्यावरचा ताबा सुटलेला, बाकी सगळ्या गोष्टी मागं पडलेल्या, नुकसान दिसत असूनही खेळ चालूच, आणि हे साधारण वर्षभर. अशी मुलं थोडी असतात आणि त्यांना समुपदेशक लागतो. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेला प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलंय. तुमच्याकडं नसेल तर प्रस्तावात ही मागणी आधी घाला. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत २०१४ पासून अशा व्यसनांसाठी वेगळा दवाखाना चालतो, आणि त्याच्या नावातच तंत्रज्ञानाचा 'निरोगी वापर' आहे. फोन सोडवण्याची भाषा तिथंही नाही. बाकीच्या मुलांना सवय लागलीय. आणि सवय म्हटली की ती लावली कुणी, हे विचारावं लागतं.

वाय-फाय अकराला बंद केलंत तर काय होईल, ते तुम्हालाही ठाऊक आहे. २०१६ च्या सप्टेंबरपासून या देशात डेटा इतका स्वस्त झालाय की मुलगा बटण बदलून पुढच्या रीलवर जाईल. ज्याचा रिचार्ज मोठा, तो हॉटस्पॉट देईल. अडचण होईल ती चंदगड, आजरा, शाहूवाडीकडून आलेल्या, महिन्याचा रिचार्ज हिशेबानं करणाऱ्या मुलाची. त्याच वाय-फायवर तो एनपीटीईएलवर आयआयटीतल्या प्राध्यापकांची व्याख्यानं ऐकतो. २००३ पासून चालू असलेला तो उपक्रम अशाच मुलांसाठी आहे. रात्री उशिरा अभ्यास करणारा आणि रात्री उशिरा रील बघणारा, राउटरला दोघं सारखेच.

दक्षिण कोरियानं हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिलंय. २०११ मध्ये त्यांनी कायदाच केला की १६ वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळ बंद. मुलांनी आईवडिलांच्या ओळख क्रमांकानं खाती उघडली, काही काळानं खेळच संगणकावरून मोबाईलवर गेले, आणि २०२१ मध्ये सरकारनं तो कायदा मागं घ्यायचं ठरवलं. ती शाळकरी मुलं होती. तुमची मुलं मतदार आहेत.

तीन-चार वर्षांपूर्वी गारगोटीकडचा एक मुलगा माझ्याकडं आला होता. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन तपशील बदलून सांगते. मेकॅनिकल, तिसरं वर्ष, झोप लागत नाही म्हणून आईनं आणलेला. मी त्याला सगळ्यांना सांगते तेच सांगितलं: दहा वाजले की फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेव. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, ठेवत होतो. पण व्हायवाचं वेळापत्रक ग्रुपवर रात्री पावणेबाराला पडलं. सकाळी नऊला पहिला नंबर माझा. मी झोपलेलो. गैरहजर लागली." त्या दिवसापासून फोन उशाखाली. आम्ही दोघांनी बसून त्याच्या फोनमधले फक्त कॉलेजचे ग्रुप मोजले. अकरा भरले. वर्गाचा, बॅचचा, विषयांचे पाच, प्रोजेक्टचा, प्लेसमेंटचा, वसतिगृहाचा, मेसचा. त्यातल्या सातांवर आदल्या रात्री नऊनंतर काही ना काही आलेलं होतं. एक डिफॉल्टरांची यादी, एक बदललेला तास, 'उद्या फाइल आणणे', आणि त्याखाली साठ-सत्तर 'ओके सर'.

माझा सल्ला त्या मुलाच्या काही कामाचा नव्हता. फोन लांब ठेवायची किंमत त्यानं एकदा मोजली होती. आणि नोटीस बघायला फोन हातात घेतला की तिथं फक्त नोटीस नसते. दहा सेकंदांचं काम असतं आणि पाऊण तासानं तो परत येतो. रात्री काहीही आलं नाही तरी काहीतरी येईल म्हणून अर्धं मन जागंच राहतं, आणि त्यानंच झोप उडते.

विद्यापीठाची भूमिका विचारलीत म्हणून सांगते. मुलांच्या हातात रात्री फोन ठेवणाऱ्यांत रीलवाल्या कंपन्या आहेत, खेळवाले आहेत, आणि विद्यापीठही आहे. पहिल्या दोघांवर तुमचा इलाज नाही. तिसऱ्यावर कुलगुरूंच्या एका सहीचा आहे.

प्रस्तावातलं पहिलं कलम हे असू द्या की संध्याकाळी सात ते सकाळी सात विद्यापीठाकडून, विभागाकडून किंवा शिक्षकाकडून विद्यार्थ्याच्या फोनवर काहीही जाणार नाही. त्याला दात हवेत, नाहीतर ते परिपत्रक बनून फाइलीत जाईल. म्हणून लगोलग दुसरं वाक्य: या वेळेत टाकलेल्या सूचनेच्या आधारे कुणालाही गैरहजर धरता येणार नाही, कुणाचे टर्मवर्कचे गुण कापता येणार नाहीत. हे दुसरं वाक्य मंजूर करून घ्यायला तुम्हाला खरी झुंज द्यावी लागेल. द्या. पहिलं त्याच्यावाचून लंगडं आहे.

सबमिशनची वेळही बदला. गूगल क्लासरूममध्ये शिक्षकानं नुसती तारीख टाकली की वेळ आपोआप रात्री ११:५९ पडते. कुणीही ठरवून मुलांना मध्यरात्रीपर्यंत बसवलेलं नसतं. एका कंपनीनं भरून ठेवलेला आकडा आपण बदलला नाही, आणि हजारो मुलांची झोप त्या आकड्याला बांधली गेली. संध्याकाळी पाच करा. शेवटच्या तासापर्यंत थांबणारी मुलं तेव्हाही थांबतील, पण पाचपर्यंत.

शिक्षक म्हणतील, आम्हाला रात्रीच वेळ मिळतो. खरं आहे, विशेषतः बायकांना घरचं आवरून नऊनंतरच बसता येतं. त्यांनी रात्री लिहावं आणि सकाळी पाठवावं. तुमच्या कॉम्प्युटर विभागातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना एक प्रोजेक्ट द्या: सगळ्या विभागांच्या सूचना दिवसभर एका जागी गोळा व्हाव्यात, आणि संध्याकाळी पाचला प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या कामाच्या तेवढ्या सूचनांचा एकच संदेश जावा. एका सेमिस्टरचं काम आहे, आणि ते ग्रंथालयातल्या कपाटात पडून राहणार नाही. खरंच तातडीचं काही असेल, पाणी नाही, कुणी आजारी आहे, तर तुम्ही दार ठोठावू शकता किंवा फोन करू शकता. प्लेसमेंट सेल म्हणेल कंपन्या रात्री लिंक पाठवतात. त्यांच्यापुरती सूट ठेवा, पण लिंक आणि परीक्षा यांत किमान बारा तास असावेत हे कंपनीला कळवायला लावा. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेरच्या संदेशांबद्दल कामगारांशी बोलून नियम ठरवावे लागतात. पगार घेणाऱ्याला जे मिळतं, ते फी भरणाऱ्याला मिळायला काय हरकत आहे?

आता रात्रीचं. तुम्ही राउंड दोनला मारता. एकदा साडेनऊला मारा आणि फक्त एक गोष्ट बघा: या वेळी वसतिगृहात मोबाईल सोडून काय उघडं आहे? माझा अंदाज सांगते, चुकला तर मला आनंदच होईल. कॉमन रूमला कुलूप, कारण मागच्या वर्षी कॅरमच्या सोंगट्या हरवल्या. बॅडमिंटनच्या कोर्टाचे दिवे सातला बंद, कारण बिल. ग्रंथालय आठला बंद, कारण माणूस नाही. गेट साडेआठला बंद, कारण शिस्त. मग १९ वर्षांच्या मुलानं रात्री नऊ ते बारा करायचं काय? आपण त्याची सगळी दारं बंद केली आणि हातातली खिडकी तेवढी उघडी ठेवली.

हे आपल्या गावात होतंय याचं मला फार वाईट वाटतं. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि त्यामागोमाग जैन, लिंगायत, मुस्लिम अशी समाजासमाजांची वसतिगृहं उभी राहत गेली. खेड्यातल्या पोराला नुसती शाळा उघडून देऊन भागत नाही, शाळा सुटल्यावर तो कुठं आणि कुणाबरोबर राहतो यावर त्याचं शिक्षण ठरतं, हे त्यांनी ओळखलं होतं. वसतिगृह म्हणजे कॉट, कपाट आणि वाय-फाय, असं कोल्हापुरात तरी कुणी म्हणू नये.

म्हणून वाय-फाय बंद करायच्या आधी कॉमन रूम उघडा. सोंगट्या हरवल्या तर दुसऱ्या आणा. कोर्टाचे दिवे दहापर्यंत ठेवा आणि बिलाचा आकडा प्रस्तावात लिहा, तो वाय-फायच्या बिलाशेजारी ठेवला की समितीला तो जास्त वाटणार नाही. रविवारी पहाटे पन्हाळ्याला जाणारा एक गट तयार होऊ द्या. जुलैत पन्हाळा ते पावनखिंड जाणाऱ्या पदभ्रमंतीत एखादी तुकडी पाठवा. मसाई पठारावरच्या पावसात फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सॅकच्या तळाशीच ठेवावा लागतो आणि त्याची आठवणही येत नाही. कुणाला गाणं, कुणाला नाटक, कुणाला कुस्तीची तालीम. तालमीतलं पोरगं रात्री लवकर आडवं होतं, कारण पहाटे उठून त्याला जोर काढायचे असतात आणि समोर मैदान असतं. वस्तादाचा धाक असतोच, पण नुसत्या धाकानं कुणी वर्षानुवर्षं लाल मातीत उतरत नाही. दुसऱ्या दिवशीची ओढ असली की माणूस झोपतो. तुमच्या किती मुलांना उद्याची ओढ वाटते, हा मला मोबाईलपेक्षा मोठा प्रश्न वाटतो. सकाळचा पहिला तास मन लावून शिकवणाऱ्या शिक्षकाला देता येईल का, तेही बघा. या वयात झोपेची वेळ शरीरानंच थोडी पुढं गेलेली असते, ते आळसाचं लक्षण नाही. जमलं तर पहिला तास अर्ध्या तासानं पुढं घ्या.

तिसरी गोष्ट फक्त तंत्रशास्त्र विद्यापीठालाच करता येईल. कला शाखेच्या कॉलेजात 'मोबाईलचे दुष्परिणाम' यावर पाहुणा बोलावतात, मुलं मागच्या बाकावर मोबाईल बघत ते ऐकतात. तुम्ही यंत्र उघडून दाखवू शकता. पहिल्या वर्षाला एका क्रेडिटचा विषय ठेवा. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर मूल्यवर्धित अभ्यासक्रमांना जागा आहेच. पहिला आठवडा मुलांनी काहीही बदलायचं नाही, फोनमध्येच असलेला वापराचा हिशेब रोज रात्री बघायचा. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत तो २०१८ पासून आहे. तो आकडा शिक्षकाला दाखवायचा नाही, वहीत लिहायचा. मग त्यांना बी. एफ. स्किनर यांची कबुतरं सांगा. गेल्या शतकात या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की दर वेळी दाणा मिळायची सवय लागलेलं कबुतर दाणा बंद झाला की लवकर थांबतं. पण दाणा कधी मिळेल हे ठाऊक नसलं, कधी तिसऱ्या टोचीला, कधी विसाव्या, तर ते टोचतच राहतं. मग मुलांना रील उघडायला सांगा आणि कितव्या रीलला खरंच हसू आलं ते लिहायला लावा. तुम्हाला पुढं काही बोलावं लागणार नाही.

खाली सरकवत राहिलं की न संपणारं पान २००६ मध्ये अझा रास्किन या रचनाकारानं बनवलं. त्याआधी पानाच्या तळाशी 'पुढे' असं बटण असायचं, आणि ते दाबायच्या आधी माणूस क्षणभर थांबायचा. तो क्षण काढून टाकला गेला. पुढं रास्किननं स्वतःच याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. ही गोष्ट तुमच्या मुलांना कळणं फार गरजेचं आहे, कारण चार वर्षांनी पुण्याला नाहीतर बंगळूरला बसून अशीच पानं तीच बनवणार आहेत. तो थांबायचा क्षण ठेवायचा की काढायचा, हा निर्णय त्यांच्यापैकी कुणाच्या तरी टेबलावर येईल.

तुमच्या विभागाचंही एक काम सुचवते. मुलांना लक्समीटर द्या आणि झोपताना धरतात तितक्या अंतरावर मोबाईलचा उजेड मोजायला लावा, मग खोलीतल्या ट्यूबचा. मोबाईलचा कमी भरेल. रात्रीच्या उजेडानं झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक लांबतं हे खरं आहे, आणि त्याला ट्यूबही तेवढीच जबाबदार आहे. मग स्क्रीन पिवळी करणारं फिल्टर लावलं की झालं, ही समजूत गळून पडते आणि पडद्यावर काय चाललंय याकडं मुलांचं लक्ष जातं. आपल्या हातानं मोजलेलं इंजिनिअरिंगचा मुलगा विसरत नाही.

वर्गाच्या दारात मोबाईल जमा करण्याबद्दल फार लिहीत नाही. व्याख्यानाला फोन बॅगेत, प्रयोगशाळेत डेटाशीट बघायला बाहेर, आणि हाच नियम शिक्षकालाही. तेवढं पुरतं. पण एका गोष्टीला ठाम नकार द्या. कोण कुठल्या साइटवर किती वेळ होता याच्या नोंदी वसतिगृहाच्या राउटरमधून काढून पालकांना पाठवू, असं समितीत कुणीतरी सुचवेलच. ही प्रौढ माणसं आहेत, त्यांच्या खासगी माहितीसाठी २०२३ चा कायदा आहे. आणि कायदा नसता तरी, जो रेक्टर आपल्या नोंदी बघतो त्याला कुठलाही मुलगा ३८ हजारांची गोष्ट सांगायला येत नाही.

आता तुमच्या मुलीचं आणि अधिकाराचं. सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव तुम्हाला ठाऊक असेल, कडेगाव तालुक्यातलं. तिथं १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला, आणि दीड तास सगळ्या गावानं टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायचे ठरलं. कोरियाचा मोठा कायदा फसला आणि आपल्या शेजारच्या एका लहान गावाची गोष्ट देशभर गेली. मला त्यातला फरक एवढाच दिसतो की कोरियात बंदी मुलांवर होती आणि वडगावात भोंगा सगळ्यांसाठी वाजतो. सासूची मालिका बंद, बापाचा मोबाईल बंद, मग पोरगं पुस्तक उघडतं.

तुमच्या घरी भोंगा नाही, पण जेवणाची वेळ आहे. मुलीशी वाद होतो तेव्हा तुमचा फोन कुठं असतो? बहुतेक हातात, कारण रेक्टरचा फोन केव्हाही वाजू शकतो. तो ज्या ग्रुपांमुळं वाजतो, तेच ग्रुप तुमच्या ३४० मुलांना जागं ठेवतात. सात ते सातचा नियम झाला तर तो तुमच्याही घरात लागू होईल. तोवर मुलीला खरं सांगा, 'मलाही जमत नाहीये, आपण दोघं मिळून जेवणाचा अर्धा तास करून बघू.' नववीतल्या मुलीला बापानं असं म्हटलेलं चालतं. तिला सल्ल्याचा कंटाळा आलेला असतो, बापाचा नाही.

प्रस्ताव लिहायला बसण्याआधी एक संध्याकाळ काढा. तुम्ही ज्या ज्या ग्रुपांवर आहात ते सगळे उघडा आणि गेल्या तीस दिवसांत रात्री नऊनंतर विद्यापीठाच्या माणसांनी मुलांना किती संदेश पाठवले ते मोजा. तुमचे स्वतःचेही धरा. तो आकडा प्रस्तावाच्या पहिल्या ओळीत लिहा, आणि वाय-फायची चर्चा त्यानंतर सुरू करा.